पेंड घालायची की बैल बदलायचा

करूळ घाटात दुसरा गिअर कुठे दम टाकतो आणि पहिला कुठे पाडावा लागतो, ती जागा मला आजही डोळे मिटून दाखवता येईल. वैभववाडी मागे पडली, करूळ गाव संपलं, की पहिली दोन वळणं आमची गाडी तोऱ्यात घ्यायची. तिसऱ्या वळणानंतर तिचा सूर बदलायचा. आप्पा काही बोलायचे नाहीत. डावा हात गिअरच्या दांड्यावर, आणि नजर रस्त्यावरून क्षणभर उडून पाण्याच्या तापमानाच्या काट्याकडे. काटा मधल्या रेघेच्या वर सरकला की ते खिडकीची काच खाली करायचे, जणू त्यांना वारा लागला की इंजिनालाही लागणार होता.

मागे आंब्याच्या पेट्या, गवताचा आणि पिकू लागलेल्या हापूसचा वास, आरशात काळा धूर. अशात मागून वऱ्हाड भरलेली एखादी सुमो यायची. पाठीवर ‘टर्बो’ अशी चकचकीत पट्टी. हॉर्न द्यायची, उजवीकडून निघायची आणि पुढच्या वळणाआड गडप व्हायची. दादा दात चावायचा. मला मात्र वेगळ्याच गोष्टीचा राग यायचा. मी तेव्हा डिप्लोमाला होतो आणि मला नुकतंच कळलं होतं की त्या सुमोच्या पोटात आणि आमच्या पोटात जवळजवळ एकच इंजिन आहे.

आमची गाडी म्हणजे टाटामोबाइल 207. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 1988 साली टाटामोबाइल पिकअप पुण्यात काढली. पुढे 1991ची सिएरा, 1992ची इस्टेट आणि 1994ची सुमो, सगळ्या तिच्याच सांगाड्यावर वाढल्या. म्हणजे नात्याने आमची पिकअप त्या सगळ्या झगमगीत गाड्यांची थोरली बहीण. धाकट्या बहिणी लग्नाला जायच्या, थोरली गूळ वाहायची. आमची 1995ची होती. आप्पांनी ती 1999 साली जुनी म्हणून घेतली. कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावरच्या कळे गावाजवळच्या आमच्या गावातून गुळाचे रवे भरून गगनबावड्यावरून कोकणात उतरायचं आणि येताना जे मिळेल ते घेऊन चढायचं, असा तिचा रतीब. चैत्र-वैशाखात आंबे, एरवी नारळ, आमसुलं, आणि एकदा तर एका ओळखीच्या माणसाच्या घरासाठी चिरे. त्या चिऱ्यांच्या खेपेबद्दल आमच्या घरात अजून कोणी मोठ्याने बोलत नाही.

इंजिनाचं नाव 483. या आकड्यात त्याची सगळी कुंडली आहे. पहिला 4 म्हणजे चार सिलिंडर, पुढचे 83 म्हणजे बोअरचे, सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे, मिलिमीटर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 90. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून गुणाकार केलात तर 1948 सीसी येतात, आणि पुस्तकातही तेवढेच लिहिलेले असतात. हा गुणाकार जुळला तेव्हा मला एखाद्या अनोळखी गावात आपलं आडनाव भेटावं तसा आनंद झाला होता. त्याच न्यायाने चारशेसात ट्रकचं 497 म्हणजे 97 मिलिमीटरचा बोअर, 100चा स्ट्रोक, 2956 सीसी. आमच्या 483ची ताकद सत्तर अश्वशक्तीच्या आतली. त्यालाच कारखान्यात टर्बो लावला की नव्वदच्या आसपास. हाच तो आमच्या उजवीकडून जाणारा फरक.

2004च्या पावसाळ्यात, खेपा कमी असताना, हा विषय कोल्हापुरात उद्यमनगरात निघाला. ज्यांनी उद्यमनगर पाहिलेलं नाही त्यांना एवढंच सांगतो, की तिथे एका गल्लीत बिडाचा रस ओततात, दुसऱ्या गल्लीत त्याचं लेथवर काहीतरी होतं, आणि तिसऱ्या गल्लीत ते कोणाच्या तरी मोटारीला बसतं. ‘होत नाही’ हे वाक्य तिथे चहाच्या गाड्यावरसुद्धा ऐकायला मिळत नाही. आमचे मिस्त्री तिथलेच. त्यांनी बॉनेट उघडलं, बिडी विझवली आणि आप्पांना म्हणाले, “मालक, दोन वाटा हाईत. आहे त्या बैलाला पेंड घालायची, न्हाईतर बैल बदलायचा.”

पेंड म्हणजे टर्बो. बैल बदलायचा म्हणजे दुसरं इंजिन.

आप्पांना ही भाषा लगेच कळली, कारण त्यांच्या लहानपणी घरच्या गुऱ्हाळातला उसाचा चरक बैलांवरच फिरायचा. दादाला बैल बदलायचा होता. त्याने चारशेसातचं 497 एका भंगारवाल्याकडे पाहूनही ठेवलं होतं. मी पेंडीच्या बाजूचा. खरं कारण असं, की टर्बो कसा चालतो हे मी नुकतंच वाचलं होतं आणि तो आपल्या हाताने बसवायचा मोह मला आवरत नव्हता. मतं अशीच बनतात. तांत्रिक कारणं मागाहून गोळा होतात.

पण टर्बोची कल्पना सुंदर आहे हे मी आजही म्हणेन. इंजिनात जाळलेल्या डिझेलची साधारण तिसरा हिस्सा शक्ती सायलेन्सरवाटे नुसती उष्णता होऊन उडून जाते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 साली पेटंट घेतलं ते या उधळपट्टीवर. जाणाऱ्या धुराच्या वाटेत एक पंखा ठेवायचा, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, आणि त्याने ताजी हवा दाबून सिलिंडरात कोंबायची. एक लाखाच्या वर फेरे मिनिटाला, आणि दांडा टेकलेला असतो तो फक्त तेलाच्या पातळ थरावर. तेल थांबलं की खेळ संपला.

घाट चढणाऱ्या माणसाला तर टर्बोचा इतिहास आपलाच वाटावा. 1918 साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस नावाच्या इंजिनिअरने लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन ट्रकवर चढवून पाइक्स पीक या डोंगराच्या माथ्यावर नेलं, चौदा हजार फुटांवर. खाली साडेतीनशे अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर विरळ हवेत 230वर आलं. टर्बो जोडला, आणि त्याच माथ्यावर त्याने 356 दिले. आमचा गगनबावडा काही चौदा हजार फुटांवर नाही, सातशे मीटरच्या आतबाहेर आहे. तिथे हवा विरळ होऊन जो तोटा होतो तो आमच्या ओझ्यापुढे किरकोळ. पण ही गोष्ट मी आप्पांना इतक्या वेळा सांगितली की शेवटी ते म्हणाले, “लाव बाबा तुझी ती पेंड.”

लावली. जुन्या बाजारातला टर्बो मिळाला. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड, म्हणजे चारही सिलिंडरांचा धूर एकत्र आणणारा नळ, मिस्त्रींनी जाड नळ्या कापून, वेल्डिंग करून बनवला. तेलाचा पुरवठा ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागेवरून एक टी टाकून घेतला. राहिली तेलाची परतीची नळी, जिला आम्ही काहीच महत्त्व दिलं नाही. जायची नळी बारीक चालते, कारण तिथे दाबाने तेल जातं. परतीच्या नळीत दाब नसतो, तेल फेसाळून नुसतं वजनाने खाली ओघळतं, म्हणून ती जाड, सरळ उताराची आणि चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, तेलाच्या पातळीच्या वर उतरलेली लागते. आम्ही हाताशी होती ती बारीक नळी लावली, वर तिला एक झोकदार वळणही दिलं.

गाडी सुरू केली. पहिली दहा मिनिटं स्वर्ग. रेस दिली की मागून एक बारीक शीळ यायची आणि धूर जवळजवळ नाहीसा झालेला. हे खरंच होतं. डिझेल इंजिनाला नुसती जास्त हवा दिली आणि डिझेल वाढवलं नाही, तर ताकद फार वाढत नाही, पण जळणं स्वच्छ होतं. दादाने गल्लीत एक चक्कर मारली, परत येऊन चावी बंद केली.

इंजिन बंद झालं नाही.

चावी दादाच्या हातात होती आणि इंजिनाचा आवाज चढत चालला होता. कोंडलेलं तेल टर्बोच्या सीलमधून हवेच्या बाजूला झिरपलं होतं आणि इंजिनाने तेच जाळायला घेतलं होतं. डिझेलचा पंप बंद, तरी काही उपयोग नाही, कारण जेवण आता दुसऱ्याच दाराने येत होतं. जेवढं जास्त फिरणार तेवढं जास्त तेल ओढणार, जेवढं तेल तेवढं आणखी फिरणार. पांढरा-निळा धूर गल्लीभर. समोरच्या लेथवरची पोरं पळाली. कोणी ओरडलं, “इंजान सुटलं!” मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या यंत्राला घाबरलो. आप्पा दादाला ओरडून सांगत होते, टॉपला टाक आणि क्लच सोड, आणि समोर भिंत होती.

मिस्त्री धावले नाहीत. चालत कोपऱ्यात गेले, पॅकिंगच्या खोक्याची एक फळी उचलली, हवेच्या नळीवरचा रबरी पाइप एका झटक्यात उपटला आणि फळी त्या तोंडावर दाबून धरली. हात नाही, फळी. हात ओढला जातो. दोन-तीन सेकंद इंजिन गुदमरल्यासारखं हादरलं, मग थांबलं. गल्ली इतकी शांत झाली की रेडिएटरचा थेंब ऐकू येत होता. फळीवर इंजिनाच्या तोंडाचा काळा, गोल ठसा उमटला होता.

“नळी बारीक झाली,” मिस्त्री म्हणाले, आणि बिडी पेटवली.

नळी बदलली. चेंबर उतरवून त्याला भोक पाडून जाड तोटी वेल्ड केली. फळी आप्पांनी उचलून गाडीत टाकली आणि तिथून पुढे ती सीटच्या मागे असायची. पुढचे आठ-नऊ महिने गाडी अशी चालली की आम्ही तिघेही आपापल्या परीने शहाणे झालो होतो. तिसऱ्या वळणानंतर सूर बदलायचा नाही. सातआठ पौंडाचा दाब, त्यापलीकडे नाही, असं मिस्त्रींनी बजावलं होतं.

त्यांनी दाबाबद्दल बजावलं, डिझेलबद्दलही बजावलं होतं. आम्ही अर्धं ऐकलं. इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर एक स्क्रू असतो. तो आत फिरवला की इंजिनाला जास्त डिझेल मिळतं, आणि टर्बोमुळे ते जाळायला हवाही असते. सगळी खरी ताकद त्या स्क्रूत आहे, टर्बो फक्त परवानगी देतो. कारखान्याच्या टर्बो इंजिनात पंपाच्या डोक्यावर एक पडद्याची डबी असते. हवेचा दाब आला तरच ती डिझेल वाढवू देते. आमच्या पंपाला ती नव्हती. दादाने स्क्रू पाव आटा फिरवला. नंतर आणखी पाव. धूर परत आला, पण घाटात आम्ही आता सुमोंच्या मागे लागत होतो, म्हणून धुराकडे कोणी पाहिलं नाही.

2005च्या मे महिन्यात, गगनबावड्याच्या अलीकडे, रेडिएटरातून बुडबुडे येऊ लागले. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवलं तेव्हा दोन व्हॉल्व्हच्या मधल्या पट्टीत केसाएवढी चीर होती आणि गॅसकेट एका जागी जळून गेली होती. त्यात इंजिनाचा काही दोष नव्हता. या जातीच्या जुन्या डिझेल इंजिनांत डिझेल आधी हेडमधल्या एका लहान कप्प्यात पेटतं आणि मग सिलिंडरात येतं, त्यामुळे हेडला मुळातच जास्त ताप सोसावा लागतो. त्यात दीड टन ओझं, वैशाखाची दुपार, जास्तीचं डिझेल. कारखाना टर्बो लावतो तेव्हा नुसता टर्बो लावत नाही. पिस्टनच्या बुडावर तेलाचा फवारा, जास्त ताप सोसणारे व्हॉल्व्ह, मोठा रेडिएटर, असं बरंच काही आतून बदलतो. आम्ही बैलाला पेंड घातली होती. त्याचं वय विचारलं नव्हतं.

आता बोलायची पाळी दादाची. भंगारवाल्याकडचं 497 अजून तिथेच होतं.

दुसरं इंजिन टाकण्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि मला ते त्या वेळी मान्य करायला जड गेलं. त्या तीन लिटरच्या इंजिनाची अश्वशक्ती आमच्यापेक्षा फार जास्त नव्हती, पण ओढ खालून होती. हजार-बाराशे फेऱ्यांतच ते ओझं उचलतं. टर्बोला आधी धूर पाहिजे, धुरासाठी फेरे पाहिजेत, आणि हेअरपिन वळणावर, पहिल्या गिअरमध्ये, नेमके फेरेच नसतात. शिवाय आप्पांचा एक मुद्दा होता जो आम्हा दोघा पोरांच्या डोक्यात कधी आला नव्हता. ते म्हणाले, “चढाचंच बोलताय मघापासनं. गूळ भरून उतरताना काय?” घाट उतरताना गाडी धरून ठेवतं ते ब्रेकच्या आधी इंजिन. मोठं इंजिन जास्त धरतं. टर्बो उतारावर नुसता पाहुणा. आमच्या आयुष्यात चढ जेवढे होते तेवढेच उतार होते, आणि त्यातले निम्मे गूळ भरून.

पण मग मिस्त्रींनी जमिनीवर खडूने यादी सुरू केली. इंजिन जड, म्हणजे पुढच्या स्प्रिंगा बसणार. फाउंडेशनच्या, म्हणजे इंजिन टेकतं त्या, जागा नव्या. चेंबर पुढच्या क्रॉसमेंबरला घासणार का ते पाहायचं. गिअरबॉक्स तोच ठेवला तर बेल हाउसिंगला, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाला, मधली प्लेट बनवावी लागणार, आणि ती प्लेट केसभर तिरकी बसली तर क्लच आणि बेअरिंग खाणार. गिअरबॉक्सही बदलला तर जॉइंट शाफ्टची लांबी चुकणार. मोठं इंजिन सावकाश फिरतं, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारा क्राऊन, म्हणजे मोठा दातेरी गिअर, तोच ठेवला तर सपाटीवर गाडी रांगणार. रेडिएटर, सायलेन्सर, वायरिंग. खडू संपत आला तरी यादी संपेना. जीपवाल्यांमध्ये हे रोज चालायचं. बजाज टेम्पोचं मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं 2.4 लिटरचं इंजिन किती जुन्या जीपच्या पोटात गेलं असेल त्याची गणती नाही. पण जीप म्हणजे चार पट्ट्या आणि एक बॉनेट. तिला हरकत घ्यायला जागाच कमी.

त्या यादीकडे पाहताना मला जे कळलं त्यावर मी आजही ठाम आहे. टर्बो लावता तेव्हा जास्तीचं ओझं जुन्या इंजिनावर पडतं. इंजिन बदलता तेव्हा ते इंजिन सोडून बाकी सगळ्यावर पडतं. ताकद कुठून आणायची हा प्रश्न खरा नव्हेच. कुठली वस्तू मोडलेली परवडेल, हा खरा प्रश्न. बैलांच्या भाषेतही तेच. तगडा बैल आणलात तर जोडीतल्या दुसऱ्याच्या खांद्याला जू काचतं, आणि आमच्या जोडीतला दुसरा बैल होता दहा वर्षं जुना गिअरबॉक्स.

कारखान्यांनाही यातून सुटका नाही. अमेरिकेत टोयोटाने 1986 साली आपल्या छोट्या पिकअपमध्ये 2.4 लिटरच्या जुन्याच पेट्रोल इंजिनाला टर्बो लावून दिला, 135 अश्वशक्ती. थोड्याच वर्षांत तो बंद झाला आणि त्याच गाडीत तीन लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन आलं, दीडशे अश्वशक्तीचं. आधी पेंड, मग बैल. आपल्या टाटांनी तर दोन्ही केलं, आणि कसं वाटून केलं ते पाहण्यासारखं आहे. सुमो आणि सफारीला त्यांनी टर्बो दिला. 207 पिकअपला मात्र पुढे दिलं ते 497चंच तीन लिटरचं इंजिन, टर्बोशिवाय, आणि नाव ठेवलं 207 डीआय. माणसं वाहायच्या गाडीला टर्बो, माल वाहायच्या गाडीला मोठं इंजिन. म्हणजे पुण्यातल्या कुठल्याशा बैठकीत कोणीतरी आप्पांचाच प्रश्न विचारला असणार.

याच काळात मी एक मूर्खपणा केला, ज्याचा मला पुढे फायदा झाला. अडत्याच्या पट्टीमागे हिशेब मांडला. गाडी, माल आणि माणसं मिळून सव्वातीन टन. चढ साधारण पाचशे मीटर, अंतर दहाएक किलोमीटर. उचलायला लागणारी शक्ती, चाकांच्या घर्षणाची शक्ती, भागिले इंजिनाची चाकापर्यंत पोचणारी ताकद. जुन्या इंजिनाने बारा मिनिटं, नव्वद अश्वशक्तीने नऊ. वळणं, समोरच्या गाड्या, बसलेला कळप, हे सगळं धरलं तर वीस आणि सतरा. काहीही केलं तरी फरक तीन मिनिटांचा. तीन मिनिटांसाठी आम्ही एक हेड फोडलं होतं, आणि आता गाडीचा सगळा पुढचा भाग कापायला निघालो होतो.

पट्टी मी आप्पांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती नीट वाचली. आधी पुढची बाजू, गुळाचा भाव, मग मागची.

“तीन मिन्टं व्हय,” ते म्हणाले. “आणि पाणी घालाया थांबतो ती?”

ते मी धरलंच नव्हतं. मे महिन्यातल्या प्रत्येक खेपेला वरच्या वळणावर गाडी थांबवून, बॉनेट उघडून, इंजिन निवेपर्यंत अर्धा तास. माझ्या गणितात इंजिन तापत नव्हतं.

शेवटी जे झालं ते दोन्ही पक्षांना आपलं वाटलं, म्हणून झालं. सांगलीकडे एक सुमो झाडावर आदळून भंगारात गेली होती. पत्रा गेला, इंजिन शाबूत. कारखान्याचंच टर्बो लावलेलं 483. आमच्याच इंजिनाची सख्खी धाकटी बहीण, पण पेंड खायच्या तयारीने जन्मलेली. फाउंडेशनला फार कापाकापी लागली नाही, क्लच-गिअरबॉक्स त्याच घराण्यातले. दादा म्हणाला, इंजिन बदललं. मी म्हणालो, टर्बो लावला. मिस्त्रींनी दोघांकडूनही पैसे घ्यायला पाहिजे होते. त्यांचा एकच आग्रह होता, की या वेळी रेडिएटरही सुमोचाच घ्यायचा आणि ब्रेकचं सगळं काम आधी करायचं. ब्रेकला आठ दिवस गेले, इंजिनाला चार.

कागदांना महिने लागले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदललं की नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि नव्या इंजिनाचा नंबर आरसी बुकात चढवून घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या मालकाची पावती, भंगाराचा कागद, चोरीचं नाही याचा दाखला. आप्पा प्रत्येक फेरीला धुतलेलं धोतर नेसून जायचे. टर्बोचं पहिलं लफडं केलं तेव्हा यातलं काहीच करावं लागलं नव्हतं, कारण नुसता टर्बो आरसी बुकात दिसत नाही. दिसत नाही म्हणून कायद्याला चालतो असा समज करून घेणारे खूप भेटतात. आम्हीही त्यातलेच होतो. पुढे जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाहीत, असा निकाल दिला, तेव्हा मी ती बातमी थोडी चोरट्यासारखीच वाचली. आज कोणी विचारलं तर मी आधी आरटीओत जाऊन यायला सांगेन, मिस्त्रीकडे नंतर.

ते इंजिन घातलेली गाडी आम्ही 2014पर्यंत वापरली. तिसऱ्या वळणाला काही व्हायचं नाही, चौथ्यालाही नाही. आप्पांना टर्बोचं एकच पथ्य सांगितलं होतं, की घाट चढून आल्यावर चावी लगेच बंद करायची नाही. मिनिटभर इंजिन तसंच चालू द्यायचं, नाहीतर तापलेल्या टर्बोत तेल थांबून जळतं. ते मिनिट त्यांनी कधी चुकवलं नाही. गगनबावड्याच्या नाक्यावर गाडी उभी, इंजिन चालू, आणि आप्पा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर धुक्याकडे बघत बसलेले. चहावाला ग्लास खिडकीतूनच द्यायचा. घाटात वाचवलेली तीन मिनिटं ते अशी एकेक करून परत करायचे.

मग सांगाडाच गंजला. त्यापुढे पासिंगला नेण्यात अर्थ नव्हता. गाडी इंजिनासकट भंगारात गेली, आणि दादाने नवी पिकअप घेतली, टर्बो, इंटरकूलर, सगळं घरून आलेलं. तिचं बॉनेट तो कधी उघडत नाही.

उरलं ते पहिलं इंजिन. 2005 साली काढलेलं, चिरलेल्या हेडचं. ते गोठ्यात गोणपाटाखाली पडून होतं. नंतरच्या वर्षांत भारनियमनाने गुऱ्हाळ अडायला लागलं. कढईत रस, चुलवणात जाळ आणि चरक बंद, अशी पाळी दोनदा आली तेव्हा मिस्त्रींनी जुन्या बाजारातून हेड आणून बसवलं, टर्बोचा मॅनिफोल्ड काढून टाकला, चेंबरचं भोक बुजवलं, डिझेलचा स्क्रू मागे फिरवला आणि इंजिन एका लोखंडी चौकटीवर गुऱ्हाळात उभं केलं. क्लच तसाच ठेवून पुढे पट्ट्याचं चाक. तिथे घाट नाही. पंधराशे फेरे, एकाच सुरात, ऊस जाईल तसा किंचित खाली-वर. आमच्या 207च्या एवढ्या सगळ्या कथेत न थकता चाललं ते हेच, ज्याला आम्ही आधी तापवलं आणि मग काढून फेकलं.

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. हंगामाचा पहिला घाणा लागला होता आणि वीज गेलेली होती. आप्पांना आता हँडलशी झटापट जमत नाही, पण सेल्फ मारायचा मान त्यांचाच. इंजिन दोनदा खोकलं आणि धरलं. मी बाजूच्या भिंतीकडे पाहिलं. खिळ्याला ती खोक्याची फळी टांगलेली होती, मधोमध काळा गोल ठसा. या इंजिनाला आता टर्बो नाही, ते तसं सुटायचा प्रश्नच उरलेला नाही, असं मी आप्पांना म्हणालो.

“असू दे की,” ते म्हणाले. “ती काय खायाला मागतीया?”